कुलूप खरंच आहे, पण टोकं किती?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते. घरात आम्ही सात माणसं: सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांचा दहावीतला मुलगा, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. मी घरीच शाळेच्या युनिफॉर्मचं शिवण करते. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहेत.

गेल्या महिन्यात मला छातीत गाठ लागली. सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करू, मग बोलू. मी घरात कोणालाच सांगितलं नाही, मिस्टरांनाही नाही. फक्त भिवंडीच्या अक्काला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "कोणाला बोलू नकोस, रिपोर्ट यायच्या आधीच घरात सुतक पसरेल." चार दिवसांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जाऊबाई म्हणाल्या, "एवढी गाठ आहे, आणि म्हणे घरात सांगायचं नाही, सुतक पसरेल." ताई, सुतक हा शब्द माझा होता.

अक्का शपथेवर सांगते की तिने कोणाला सांगितलं नाही. मी पंधरा दिवस तिच्याशी बोललेले नाही. फोन माझ्याजवळच असतो, पॅटर्न लॉक आहे. दिवाळीत जाऊबाईंच्या मुलाने सहलीचे फोटो लॅपटॉपवर घेतले तेवढंच, तेही माझ्यासमोर. मिस्टर म्हणतात, "कंपनी सगळं वाचते, कुलूपबिलूप काही नसतं." परत म्हणतात, "खरंच कुलूप असेल तर ते चोरांच्याच सोयीचं. आणि तुला लपवायचंच काय होतं?" व्हॉट्सॲपवर तर लिहिलेलं असतं की मेसेज एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहेत. मग हे खोटं आहे का? आता डॉक्टरांना रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायचे की नाही? बायोप्सीत गाठ साधी निघाली. सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय.

उत्तर

ताई, गाठ साधी निघाली हे वाचून मला हायसं वाटलं. पत्र वाचताना मी तिथे पोचेपर्यंत श्वास रोखून बसले होते.

आता पहिलं काम. हे वाचून झालं की भिवंडीला फोन लावा. अक्काने सांगितलेलं नाही असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतं, आणि का ते सांगते. सोनोग्राफीचा कागद एखाद्याने दवाखान्यात पाहिला असता, तर त्याला गाठीचं कळलं असतं. अक्काने कोणापाशी मन मोकळं केलं असतं, तर तिच्या शब्दांत बातमी फिरली असती. पण जाऊबाईंच्या तोंडी तुमचा शब्द आला, जसाच्या तसा. म्हणजे कोणीतरी तुमचा मेसेज डोळ्यांनी वाचला आहे. आणि तो कुठे वाचला, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. तुम्हाला ते वाक्य किरकोळ वाटलं, म्हणून "तेवढंच" असं म्हणून पुढे गेलात. दिवाळीत पुतण्याने फोटो लॅपटॉपवर घेतले.

फोन हातात घ्या. व्हॉट्सॲप उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि "लिंक केलेली डिव्हाइस" असं लिहिलंय तिथे जा. तुमच्या फोनशी जोडलेले सगळे कॉम्प्युटर तिथे दिसतील. माझा अंदाज बरोबर असेल तर तिथे विंडोज किंवा क्रोम असं नाव असेल आणि खाली तो शेवटचा कधी वापरला याची वेळ असेल. ती वेळ बघा. तुम्ही मशीनवर बसलेली दुपार असेल, नाहीतर रात्रीचे अकरा असतील. आधी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग त्या नावावर बोट ठेवा आणि "लॉग आउट" करा.

काय झालं असेल ते सांगते. फोटो घ्यायला पुतण्याने लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडलं, तुमच्या फोनने पडद्यावरचा चौकोनी कोड स्कॅन केला, फोटो उतरवून घेतले आणि लॅपटॉप मिटला. लॉग आउट करायचं राहिलं. पोराच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पण एकदा जोडलेला लॅपटॉप लगेच आपणहून सुटत नाही. पूर्वी फोन बंद झाला की कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲपही अडायचं. आता तुमचा फोन जवळ असो नसो, चालू असो नसो, लॅपटॉपवर मेसेज येत राहतात. फोन चौदा दिवसांहून जास्त वापरलाच नाही, तर ती जोडणी तुटते. तुमचा फोन रोज हातात असतो, म्हणून दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत ती टिकली. मधल्या खोलीत कोणी लॅपटॉप उघडला, तर तुमचं आणि अक्काचं बोलणं समोर हजर. तुमचा पॅटर्न लॉक बिचारा फोनवर पहारा देत बसला होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कुलूप खोटं आहे का? नाही, ते खरं आहे आणि चांगलं भक्कम आहे. एन्ड-टू-एन्ड म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुमच्या हिशेबात टोकं दोन होती, तुमचा फोन आणि अक्काचा फोन. प्रत्यक्षात ती तीन होती. तिसरं टोक मधल्या खोलीत टेबलावर होतं, आणि ते तुमच्याच फोनने कोड स्कॅन करून मान्य केलेलं होतं. व्हॉट्सॲपच्या दृष्टीने तो लॅपटॉप म्हणजे तुम्हीच. अक्काचा प्रत्येक मेसेज तिच्या फोनने तुमच्या फोनसाठी एकदा बंद केला आणि त्या लॅपटॉपसाठी वेगळा बंद केला, दोघांच्या किल्ल्या वेगळ्या म्हणून. कुलपाने आपलं काम चोख केलं.

हे कुलूप चालतं कसं, ते जरा सावकाश सांगते. हे एकदा कळलं की मिस्टरांच्या पहिल्या बोलण्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल.

पूर्वी गुप्त पत्र पाठवायचं तर मोठी अडचण असायची. पेटीला कुलूप लावून पाठवता येतं, पण किल्ली पोचवायची कशी? किल्लीही त्याच वाटेने पाठवली तर वाटेतला माणूस दोन्ही ठेवून घेणार. म्हणून आधी भेटून किल्ली हातात द्यावी लागे. राजेरजवाडे आणि लष्करं यांना ते परवडत होतं, तुम्हाआम्हाला नाही. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी गणिताने याच्यावर तोड काढली आणि ती उघडपणे छापली.

तोड समजायला ते दाबलं की लागणारं कुलूप आठवा. ते लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. समजा अक्काने अशी शंभर कुलपं उघडी करून सगळ्यांना वाटली आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवली. तुम्ही त्यातलं एक घेतलं, चिठ्ठी पेटीत टाकली आणि कुलूप दाबलं. आता ती पेटी तुम्हालाही उघडता येणार नाही, वाटेतल्या कोणालाही नाही. उघडेल फक्त अक्का. तुमच्या आणि तिच्या फोनने व्हॉट्सॲप सुरू झालं तेव्हाच अशा जोड्या तयार केल्या. कुलूप जगजाहीर, किल्ली फोनच्या बाहेर कधीच न जाणारी. त्यावर आणखी एक सोय अशी की दर मेसेजला नवी किल्ली तयार होते आणि जुनी पुसली जाते. एखादी कोणाच्या हाती लागली तरी तिने मागचे मेसेज उघडत नाहीत. ही रीत मुळात सिग्नल नावाच्या ॲपच्या लोकांची. व्हॉट्सॲपने तीच घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या वापरणाऱ्यांसाठी लागू केली.

मिस्टर डिस्पॅचला आहेत हे बरं झालं. त्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली समजेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलची गठाण ट्रान्सपोर्टला जाते तेव्हा ती बांधून, शिवून, पट्टी मारून जाते. ट्रान्सपोर्टवाल्याला ती उघडता येत नाही. व्हॉट्सॲप तुमच्या बाबतीत हा ट्रान्सपोर्टवाला आहे. पण त्याच्या हातात बिल्टी असते ना? माल कोणाचा, कोणाला, किती नग, किती वजन, कधी निघाला. गठाण न उघडताही बिल्टीवरून पुष्कळ कळतं. तुम्ही कोणाला, किती वाजता, किती वेळा मेसेज केला, ही तुमची बिल्टी, आणि ती या कुलपात बसत नाही. एखादी बाई आठवड्यात तीनदा कॅन्सरच्या डॉक्टरांच्या नंबरवर मेसेज करते, लगेच बहिणीला करते आणि रात्री दोन वाजता जागी असते. यात एकही शब्द वाचलेला नाही, तरी गोष्ट समजली. म्हणून मिस्टरांचं म्हणणं अर्धं खोडून काढा. कंपनी तुमचे शब्द वाचू शकत नाही. पण तुमची बिल्टी तिच्याकडे असते. सिग्नल ॲप ही बिल्टीही जवळजवळ ठेवत नाही. अमेरिकेतल्या एका तपासात त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं, एवढंच त्यांना देता आलं. बाकी त्यांच्याकडे नव्हतंच.

सगळ्याच ॲपची गठाण अशी नसते, हेही सांगून ठेवते. काही ठिकाणी माल कुलपातच निघतो, पण वाटेत गोदामात उतरतो, तिथली किल्ली गोदामवाल्याकडे असते आणि तिथून परत कुलपात पुढे जातो. साधा ईमेल असाच जातो. टेलिग्रामवरच्या नेहमीच्या गप्पाही अशाच. तिथे "सीक्रेट चॅट" वेगळी सुरू केली तरच टोकापासून टोकापर्यंत कुलूप लागतं. साधा एसएमएस तर मोबाइल कंपनीला वाचता येतो. अक्काशी आजारपणाचं बोलायचं तर यातलं काही नको.

मधल्या माणसाने दुसरंच कुलूप पुढे केलं तर, अशी शंका तुम्हाला आली नसेल, पण यायला हवी. अक्काचं म्हणून भलत्याचंच कुलूप आपण दाबलं तर पेटी भलताच उघडणार. त्याचाही बंदोबस्त आहे. अक्काच्या नावावर दाबा, खाली "एन्क्रिप्शन" दिसेल, तिथे चौकोनी कोड आणि साठ अंक आहेत, पाच-पाचच्या बारा गटांत. तिच्या फोनवर तुमच्या नावाखालीही तेच साठ अंक दिसले पाहिजेत. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ती माहेरी येत असेल, तर होम मैदानावर जायच्या आधी दोघी शेजारी बसा आणि एकीच्या फोनने दुसरीचा कोड स्कॅन करा. हिरवी खूण आली की मध्ये कोणी नाही. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या सूचना चालू ठेवा, म्हणजे हा कोड बदलला तर कळेल. बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदलला एवढंच त्याचं कारण असतं. तरी विचारून घ्यावं.

आता डॉक्टरांना रिपोर्ट पाठवण्याचं. इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, कारण त्या दिवसापासून मी कागद पाठवताना हात आवरता घेते. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कामासाठी मला आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान आणि सातबारा यांच्या प्रती हव्या होत्या. कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान. तिथल्या मुलाने भिंतीवरचा नंबर दाखवला आणि म्हणाला, "व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढतो." मी केलं. पंधरा-वीस दिवसांनी परत त्याच दुकानात गेले. कॉम्प्युटरचा पडदा गिऱ्हाइकांच्या बाजूला वळलेला होता. "डाउनलोड्स" नावाचं फोल्डर उघडं होतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढे शेकडो फोटो होते. आधार कार्डं, गुणपत्रिका, रद्द केलेले चेक, कोणाचा तरी मृत्यूचा दाखला. चौथ्या ओळीत माझा चेहरा होता. मी त्या मुलाला विचारलं, हे पुसत का नाहीस? तो म्हणाला, "राहू द्या ना, परत लागतं लोकांना." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला त्या रात्री झोप आली नाही. माझ्या फोनपासून त्याच्या कॉम्प्युटरपर्यंत तो कागद पक्क्या कुलपात गेला होता. पोचल्यावर तो सगळ्या गिऱ्हाइकांसाठी टेबलावर मांडलेला होता.

म्हणून डॉक्टरांना पाठवायला हरकत नाही, पण आधी एक प्रश्न तोंडाने विचारा: "डॉक्टर, हा नंबर कोणाच्या हातात असतो?" पुष्कळ दवाखान्यांत तो नंबर बाहेरच्या टेबलावरच्या फोनवर असतो, आणि तोही कॉम्प्युटरला जोडलेला. तसं असेल तर रिपोर्ट कागदावर घेऊन जा. कागदाची फाइल बगलेत धरून नेणं यात मागासलेपण काही नाही. नंबर डॉक्टरांचा स्वतःचा असेल तर पाठवा, आणि त्या चॅटला मेसेज आपोआप नाहीसे होण्याची मुदत लावा. एक दिवस, सात दिवस आणि नव्वद दिवस असे पर्याय आहेत. मी सात दिवस लावते. अर्थात कोणी स्क्रीनशॉट काढला तर त्याला इलाज नाही. आधारची प्रत कुठे द्यावी लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी "मास्क्ड आधार" प्रत द्या. ती आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येते.

बोलणं कुलपाबाहेर राहण्याची दुसरी जागा बॅकअपची. हे फार जणांना माहीत नसतं. बॅकअप चालू असेल तर तुमच्या गप्पांची एक प्रत तुमच्या गूगल खात्यात जाऊन बसत असते, आणि ती आपोआप त्याच कुलपात जात नाही. ते कुलूप आपण वेगळं लावायचं. व्हॉट्सॲपने ही सोय २०२१ मध्ये दिली. सेटिंगमध्ये चॅट, त्यात चॅट बॅकअप, त्यात एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड विचारेल. तो वहीत लिहून शिवणाच्या कपाटात ठेवा. तो हरवला तर ती प्रत कंपनीलाही उघडता येणार नाही, मग गप्पा गेल्याच समजा. तुमच्या फोनमधलं गूगल खातं कोणी काढून दिलंय? पुतण्याने काढून दिलं असेल तर त्याचाही पासवर्ड त्याला माहीत असेल. बॅकअपच्या आधी तो बदला.

तिथेच असताना आणखी दोन-तीन गोष्टी हातावेगळ्या करा. फोनचा पॅटर्न काढून सहा अंकांचा पिन लावा. पॅटर्नचा मार्ग काचेवर बोटांच्या तेलकट रेघेने दिसतो, आणि शेजारी बसलेल्या पोराच्या तो एका नजरेत लक्षात राहतो. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नुसतं नाव दिसू द्या. व्हॉट्सॲपची दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. आणि सहा अंकी कोड फोनवर आला तर तो कोणालाही सांगू नका, समोरचा कितीही ओळखीचा वाटला तरी. लग्नपत्रिका म्हणून किंवा दंडाची पावती म्हणून एखादी एपीके फाइल आली तर तिला हात लावू नका. तसलं ॲप फोनमध्ये बसलं की ते टोकावरच बसून वाचतं आणि कुलपाचा काही उपयोग राहत नाही. असं काही होऊन पैसे गेले, तर १९३० या नंबरवर लगेच फोन.

आता मिस्टरांचं दुसरं बोलणं. कुलूप चोरांच्या सोयीचं. हे मी उडवून लावणार नाही, कारण या प्रश्नात आपल्या जिल्ह्याची माणसं गेली आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सॲपवर पसरली होती. मेलेले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे गरीब भटके लोक. ते आठवलं की माझ्याही मनात येतं, अफवा पहिल्यांदा कोणी सोडली ते कळायला नको का? सरकारनेही २०२१ च्या नियमांत हेच मागितलं, मेसेजचा पहिला पाठवणारा शोधून द्या म्हणून, आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

मी यावर खूप विचार केला आहे आणि माझं मत ठाम आहे. पहिला पाठवणारा शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागते, कारण उद्या कोणता मेसेज अफवा ठरेल हे आज कोणाला माहीत? म्हणजे एका अफवेसाठी तुमच्या आणि अक्काच्या गाठीच्या बोलण्यावरही खूण. आणि पोलिसांसाठी केलेली दुसरी किल्ली फक्त पोलिसांकडेच राहील असं गणितात काही नसतं. ती ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे ढकलता येईल असं जाहीर केलं. गठाण न उघडता फक्त तिचा वेग कमी केला. अशा वाटा शोधता येतात. शिवाय गुन्ह्याच्या तपासात पोलीस संशयिताचा फोनच ताब्यात घेतात, म्हणजे टोक हातात घेतात. तिथे मजकूर उघडाच असतो. ग्रुपमधला कोणीही माणूस तो मेसेज दाखवू शकतो.

आणि तिसरं. "तुला लपवायचंच काय होतं?" या वाक्याने तुम्ही किती दुखावला असाल ते मला समजतं. माझ्या आईच्या काळात घरात कार्डही यायचं आणि आंतरदेशीय पत्रही यायचं. कार्ड पोस्टमन वाचायचा, वाड्यातले वाचायचे. मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि ते वाचून लगेच फाडून टाकायचे. पण सासरी गेलेल्या मुलीने आईला लिहायचं असलं की ती निळं आंतरदेशीय घ्यायची, तीन बाजू थुंकी लावून चिकटवायची, वर परत भाताचं शीत लावायची. माझी आजी ते पत्र कडेने केसाच्या आकड्याने उघडायची, आतला शब्द फाटू नये म्हणून. पोरीला लपवायचं काय आहे, असं तिला कोणी विचारलेलं मला आठवत नाही. पत्र चिकटवलेलं असतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तुम्ही गाठ कायमची लपवणार नव्हता. बायोप्सीचं कळेपर्यंत थांबणार होता. आपल्या शरीराची बातमी कधी आणि कोणाच्या तोंडून बाहेर पडावी हे तुमचं तुम्ही ठरवत होता.

पण ताई, मिस्टरांच्या रागातही मला एक दुःख दिसतं. बायकोच्या छातीत गाठ आहे हे त्यांना हळदीकुंकवाच्या बायकांनंतर कळलं. "लपवायचं काय होतं" हे त्यांनी विचारलं ते बहुधा कुलपाबद्दल नव्हतंच. "मला का नाही सांगितलंस" असं त्यांना विचारायचं असेल. त्याचं उत्तर तुम्ही त्यांना निवांत द्या, दोघंच असताना.

पुतण्याला सगळ्यांसमोर ओरडू नका. पोराला जवळ बसवा, तो स्क्रीनशॉट दाखवा आणि लॉग आउट कसं करायचं ते त्याच्याकडूनच शिकल्यासारखं करून घ्या. उद्या तो सायबर कॅफेत, शाळेच्या लॅबमध्ये स्वतःचं खातं असंच उघडं टाकून येऊ नये म्हणून. जाऊबाईंशी मात्र बोलावंच लागेल, आणि ते तुम्हीच बोला, मिस्टरांना पुढे करू नका. स्क्रीनशॉट समोर ठेवा आणि सांगा, "वहिनी, लॅपटॉप चुकून उघडा राहिला, मान्य. पण वाचल्यावर माझ्याकडे यायला हवं होतं, हळदीकुंकवाच्या बायकांकडे नाही." एवढंच बोला आणि थांबा. त्या रडतील, नाहीतर चिडतील. तुम्ही काही वाढवू नका. एका स्वयंपाकघरात राहायचं आहे, हे मला माहीत आहे.

लॉग आउट केल्यावर फोन बाजूला ठेवू नका, तिथूनच भिवंडीला लावा. पंधरा दिवसांत अक्काने काय काय मनात आणलं असेल. आणि सहा महिन्यांनी परत दाखवायची जी तारीख दिली आहे ती आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा, गाठ साधी असली तरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर की फोनमधल्या, ते तुम्ही ठरवा.